डच जोडशब्द: आधी सांधा शोधा, मग अक्षरं तोडा

ठाणे-नवी मुंबईतून नेदरलँड्सला निघालेली मंडळी डच शिकायला बसतात आणि लांबलचक जोडशब्दांपाशी अडतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: डावीकडून एकेक अक्षर वाचत गेलं की सांधा हरवतो. वास्तविक मराठी कानाला सांधा कळतो. 'घोडबंदर'चं 'घो-डबं-दर' ठाण्यात कुणीच करत नाही.

डचमध्ये सुरुवात उजवीकडून करा. 'झीकनहाउस' म्हणजे रुग्णालय. शेवटचा ओळखीचा शब्द 'हाउस', म्हणजे घर. लिंगही तोच ठरवतो: 'हेट हाउस' ('हेट' हे नपुंसकलिंगी नामाआधी लागणारं उपपद), म्हणून 'हेट झीकनहाउस'. उरला 'झीकन', आजारी माणसं. मधे जोडणारा 'स' किंवा 'एन' आला तर तो डाव्या भागाचा. आता प्रत्येक भागाची अक्षरं वेगळी पाडा: झी-कन-हाउस. मुख्य आघात 'झी'वर, 'हाउस'वर दुय्यम, 'कन' जवळजवळ गिळलेलं. आपण तिन्ही अक्षरं सारख्याच जोराने म्हणतो आणि समोरच्याला शब्दच उमगत नाही.

सांधा चुकला की अर्थही बदलतो. 'क्वार्ट-स्लाखन' म्हणजे पाव फेरे, 'क्वार्ट्स-लाखन' म्हणजे क्वार्ट्झचे थर. लिहिताना दोन्ही एकच.

सांध्यावरच्या व्यंजनांकडे नीट लक्ष द्या, खरी गंमत तिथे आहे. 'आव्हॉन्ट-एटन' म्हणजे रात्रीचं जेवण. पहिल्या भागाच्या शेवटी लिहितात 'द', पण भाग तिथे संपतो म्हणून उच्चार 'ट'. 'आनंद'ची सवय असलेली आपली जीभ 'आव्हॉन्देटन' म्हणून जाते. ओळ तोडतानाही 'आव्हॉन्द' अखंड ठेवून पुढे 'एटन'. सुरुवातीचा 'आ' एकटा ओळीच्या शेवटी सोडायचा नाही. रुमालाचा 'झाक-दूक' मात्र बोलताना 'झाग्दूक' होतो. भरभर बोलताना आपणही 'एकदा'चं 'एग्दा' करतोच, त्यामुळे हा बदल आपल्याला सोपा जातो.

पहिल्या भागावर आघात हा नियम बहुतेक नामांना लागतो, सगळ्यांना नाही. 'स्टाटहाउस' (नगरपालिकेची इमारत) मध्ये जोर 'हाउस'वर, 'बुर्खमेस्टर' (महापौर) मध्ये 'मेस'वर. गावांचंही तसंच: आम्स्टरडाम, रॉटरडाम शेवटच्या 'डाम'वर, पण आइंडहोव्हन पहिल्या 'आइंड'वर.

क्रियापदांत जास्त सांभाळा. 'फोरकोमन'मध्ये जोर 'फोर'वर दिला तर 'घडणे', 'को'वर दिला तर 'टाळणे'. वहीत क्रियापद उतरवताना आघाताच्या अक्षराखाली रेघ ओढा, आणि बाजूला वर्तमानकाळातलं रूपही लिहा: पहिल्यात 'फोर' सुटून वाक्याच्या शेवटी जातो, दुसऱ्यात चिकटूनच राहतो.