हॅश ब्राऊनचा लगदा का होतो?

हॅश ब्राऊन म्हणजे किसलेल्या आलूचा तव्यावर खरपूस भाजलेला थर. आलूत पाऊण हिस्सा पाणीच असतं. ते उडून जाईपर्यंत किसाचं तापमान 100 अंशांच्या वर चढत नाही, तोवर आलू नुसता शिजतो, लाल होत नाही. त्यामुळे इथे तेलापेक्षा पिळण्याला जास्त महत्त्व.

चौघांना अर्धा किलो आलू पुरतो. नागपूरच्या कॉटन मार्केटात ढिगातून निवडताना नखाने साल निघणारा नवा आलू टाळा, त्यात पाणी जास्त. हिरवट तर कशालाच नको. सोलून किसणीच्या मोठ्या भोकांवर किसा आणि सुती कापडात बांधून वाडग्यावर चांगला जोर लावून पिळा. ते पाणी फेकायची घाई नको. पाच मिनिटांत तळाशी पांढरा साका, म्हणजे स्टार्च, बसतो. वरचं पाणी ओता, साका किसात परत मिसळा. किस त्यानेच धरून राहतो, बेसन लागत नाही. मीठ, मिरपूड अगदी तव्यावर टाकताना. आधी घातलं की पुन्हा पाणी सुटतं. सांबार (कोथिंबीर) वरून, खाताना.

बिडाच्या तव्यावर मध्यम आच, 2 मोठे चमचे तेल. सेंटीमीटरभर जाडीचा थर सराट्याने हलका दाबा आणि 6-7 मिनिटं हात लावू नका. लवकर उलटला की तुटतो, तुटला की लोक झाकण ठेवतात, आणि मग वाफेने लगदा. कडा तांबूस झाल्या की उलटा, आणखी 5 मिनिटं.

नागपूरच्या उन्हाळ्यात आलूला मोड येतात म्हणून ते फ्रिजात जातात. घोळ तिथे होतो. गारव्यात स्टार्चची साखर बनते. मग तव्यावर बाहेरून काळपट, आत कच्चं, आणि अ‍ॅक्रिलामाइड (जास्त तापवल्यावर बनणारं घातक रसायन) हेही वाढू शकतं. त्यापेक्षा थोडेच आणा, अंधाऱ्या हवेशीर कोपऱ्यात ठेवा. फ्रिजातलेच असतील तर किस 15-20 मिनिटं गार पाण्यात भिजवून मग पिळा. साखर निघते, थोडं व्हिटॅमिन सीसुद्धा. साकाही जातो, म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअर घाला.

100 ग्रॅम कच्च्या आलूत साधारण 77 कॅलरी, प्रथिनं 2 ग्रॅम, चरबी नावालाच. 2 मोठे चमचे तेलाच्या मात्र 240 च्या पुढे. म्हणजे माणशी 150-160, कढईत तळले तर बरंच जास्त. प्रथिनांसाठी सोबत उकडलेलं अंडं किंवा चण्याची तर्री चालेल, पण तर्री वाटीत वेगळी घ्या. वर ओतली की दोन मिनिटांत सगळं मऊ.