भवानी तिसऱ्या दिवशी

माझी पहिली जत्रा मला व्हॉट्सॲपवर सापडली. रंगीत जाहिरातीत 'कला महोत्सव' एवढं वाचलं आणि साडेचार हजार भाडं भरून मोकळी झाले. जाऊन बघते तर डावीकडं लोणची, उजवीकडं पाय चेपायचं मशीन. मी जाळीवर रंकाळ्याची सोळा जलरंगचित्रं टांगली. मशीनचा नंबर येईपर्यंत लोक ती न्याहाळायचे आणि नंबर आला की जायचे. भवानी तिसऱ्या दिवशी झाली, तीही लोणचंवाल्या काकूंच्या हातानं: गुऱ्हाळाचं छोटं चित्र, दीडशे रुपये वर एक बरणी.

काकू बचत गटाच्या. डिसेंबरात पुण्याची भीमथडी, मग मुंबईचं महालक्ष्मी सरस, असं त्यांचं अख्खं वर्ष तोंडपाठ. म्हणाल्या, "बाई, जाहिरातीवर जाऊ नका. आधी एक वर्ष गिऱ्हाईक होऊन फिरा. चेहरे नका बघू, पिशव्या बघा."

शाळेला सुट्टी टाकून पुढच्या वर्षी फिरले. भीमथडीत सहकुटुंब जेवायला येणारे फार. एका हातात ताट, दुसऱ्यात पोर. फ्रेम धरायला तिसरा हात कुठून आणणार? मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतोय. रॅम्पार्ट रोच्या स्टॉलवर गर्दी एवढी, की मी तासभर नुसती ढकलली गेले. पण तिथल्या पिशव्या बोलक्या होत्या. लोकलमध्ये चुरगळणार नाही एवढंच लोक घेत होते. घरी आल्या आल्या मी अर्ध्या पानाचे कागद कापले.

खरी शिकवणी मात्र जहांगीर कलादालनाच्या बाहेर, फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या एका चित्रकारापाशी झाली. आत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे त्यांनी तक्रार न करता सांगितलं. माझं चित्र उलटं करून त्यांनी आधी मागची बाजू पाहिली. "नाव, कागद, साल काहीच नाही? घेणाऱ्यानं घरी काय सांगायचं?" चौदा वर्षं मुलांना चित्रकला शिकवतेय, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

सूरजकुंड मेळ्याचंही वेड डोक्यात होतं. हरियाणात, १९८७ पासूनचा. चौकशी केली तर तिथं हस्तकला कारागिरांचा मान, आणि केंद्राच्या हस्तशिल्प आयुक्तांचं पहचान कार्ड पहिल्यांदा विचारतात. माझ्याकडं एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका आहे, कार्ड नाही. दोन दिवस घुश्शात होते. मग सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे, चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे चित्रकथी आठवले. पिढ्यान्‌पिढ्या ठाकर मंडळींनी राखलेली ती कला, आणि मी त्यांच्या रांगेत रंकाळा घेऊन उभी! घुस्सा आपोआप गेला.

आता एक वही केलीय. जत्रेचं नाव, महिना, भाडं, शेजारी कोण आणि पिशवीत काय. शेवटचे दोन रकाने अर्ज भरण्याआधी भरायचे, नाहीतर अर्जच नाही. गेल्या वर्षी सात नावं खोडली, दोन ठेवली. दोन्हीकडं भवानी पहिल्याच दिवशी झाली.

काकूंच्या बरणीत हल्ली ब्रश असतात. चारदा धुतली, उन्हात ठेवली, तरी आभाळ रंगवताना हिंगाचा वास येतो.