नवतपात चंद्रपूर: 'दोनच किलोमीटर' आणि एसी नसलेली एसी खोली

आधी निकाल सांगते, हकीकत मागाहून. २५ मे ते २ जून या नवतपाच्या, म्हणजे वर्षातले सर्वात तापलेले मानतात त्या नऊ दिवसांत विदर्भात जाणार असाल, तर सकाळी साडेनऊनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आत एसटीतून कुठल्याही फाट्यावर उतरू नका. "गाव दोनच किलोमीटर आहे, चालत जा" असं कुणी सांगितलं तर सांगणारा स्वतः गेल्या दहा वर्षांत तिथून चाललाय का, ते आधी विचारा.

गेले कशाला? गेली काही वर्षं मी उन्हाळ्याच्या वह्या भरते. कुठे किती तापलं, माणसं काय करतात, पाणी कुठून आणतात, एवढंच. पुण्यात बसून पानं भरत होते आणि रोज संध्याकाळी बातम्यांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला हीच नावं ऐकत होते. २०२४ च्या मे महिन्यात ठरवलं, तिथं जाऊनच लिहायचं. एप्रिलच्या दुपारी राजगड चढलेली बाई मी, मला उन्हाचं काय सांगता, असा तोरा होता. तो चंद्रपूरजवळच्या घुग्घुसच्या रस्त्यावर उतरला.

त्या दिवशी मला पहिल्यांदा फसवलं ते माझ्याच अर्धवट माहितीने. हवामान खात्याचा नियम मला पाठ होता: मैदानी भागात तापमान ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट, किंवा सरळ ४५ गाठलं तर लाट. सकाळी फोनवर ४४ दिसत होतं. म्हणजे लाट नाही, असा हिशेब चहा पिता पिता केला. आता कळतं तो किती खुळा होता. चंद्रपूरची मे अखेरची सरासरीच मुळी एवढी चढलेली असते, की साडेचार अंश 'जास्त' व्हायला भट्टीच लागेल. पुण्यात ४४ झालं तर हाहाकार उडेल, इथं तो साधा सोमवार असतो. शिवाय तो ४४ चा आकडा सावलीतला. पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून जेमतेम सव्वा मीटर उंचीवर, हवा खेळती ठेवून मोजलेला. आपण काही त्या पेटीत बसून प्रवास करत नाही. माझ्याकडे लांबून नेम धरून पृष्ठभागाचं तापमान दाखवणारी छोटी बंदूक होती. तिने एसटीचं रेक्झिनचं सीट ५१ दाखवलं आणि अकरा वाजता डांबर ६२.

लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने सांगितलं होतं, घुग्घुसच्या बसने जा, फाट्यावर उतरा, तिथून गाव दोनच किलोमीटर. (महिलांना एसटीचं तिकीट निम्मं पडतं, तेवढीच त्या दिवसाची चांगली बातमी.) बस उशिरा सुटली, फाट्यावर उतरले तेव्हा ११ वाजून २० मिनिटं झाली होती. टपरी बंद. रिक्षा एकच, चालक मागच्या सीटवर पाय वर करून झोपलेला. त्याने डोळे न उघडता चारशे सांगितले. दोन किलोमीटरचे चारशे? मी तणतणत चालू पडले. आज सांगते, चारशे द्यायला हवे होते. तरीही ती लूट होती, यावर मी ठाम आहे.

रस्ता कोळशाच्या ट्रकांचा. डांबरावर काळ्या भुकटीचा थर, कडेची बाभळीची झुडपं काळी, त्यांची सावली माझ्या गुडघ्यापर्यंत. ट्रक गेला की आधी गरम वारा अंगावर येतो, मग भुकटी. पहिला किलोमीटर मी मजेत गेले, कारण घामच येत नव्हता. इथेच बाहेरचा माणूस फसतो. कोरड्या हवेत घाम कातडीवर दिसायच्या आत उडून जातो. आपल्याला वाटतं शरीर सोसतंय, आणि अंगातलं पाणी तर चाललेलं असतं. पाठीवर सॅकच्या पट्ट्यांखाली मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, त्या मला रात्री कपडे धुताना दिसल्या.

दुसरा किलोमीटर संपला तरी गाव दिसेना. एक मोरी लागली, ओढा कोरडा ठक्क. मोरीखाली सावली होती, पण तिथे चार म्हशी आधीच बसल्या होत्या आणि सरकायची त्यांची तयारी नव्हती. बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम. फोनने 'तापलो आहे' असं म्हणून मान टाकली, म्हणजे नकाशा गेला. मग मी विजेचे खांब मोजायला लागले. एकतिसाव्या खांबापाशी हातांवर काटा आला. ४४ अंशांत थंडी वाजल्यासारखा काटा! हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा: उन्हात काटा येणं, मळमळणं, डोकं ठणकणं म्हणजे 'अजून थोडं चालू' नव्हे. बसा, डोक्यावर पाणी ओता, कुणालाही हात करा. माणूस बरळायला लागला, अंग तापून कातडी चटका देते असं वाटलं, तर तो उष्माघात. १०८ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर ओली फडकी टाकत राहा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका. मी बसले नाही, चालत राहिले. मूर्खपणा केला.

ते दोन किलोमीटर सव्वाचार निघाले. घड्याळात ७० मिनिटं. सिंहगड मी याहून कमी वेळात चढते.

गावाच्या तोंडाशी हापसी होती. पाच-सहा दांडे मारले तोवर कढत पाणी, मग कुठे कोमट. शेजारच्या घरातून एक आजी ओरडल्या, "आत या जी! उन्हात कायले उभ्या रायता?" ओसरीवर बसवलं, लगेच पाणी दिलं नाही. आधी हातपाय धुवायला लावले, मग गुळाचा खडा, मग माठातलं पाणी, तेही वाटीने. "आमी तं नवाच्या आत सारं आवरतो. एवढ्या उन्हात कुत्रं बी नाही निघत बाप्पा." कुत्रं खरंच रांजणाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून पडलं होतं.

ज्यासाठी गेले ते सगळं मग त्या ओसरीवरच मिळालं. गावाचं घड्याळ नवतपात उलटं फिरतं. तेंदूपत्त्याला, म्हणजे बिडीची पानं तोडायला, जाणारे पहाटे चारला निघतात, उन्हं चढायच्या आत परत येतात आणि मग घरोघरी सावलीत बसून ७० पानांचा एकेक पुडा बांधतात. लवकर निघायचं तर अंधारात जंगलात शिरावं लागतं, आणि उन्हाळ्यात वाघही पाण्याच्या आसपासच असतो. उशिरा निघावं तर ऊन. आजींच्या सुनेने हे पानं जुळवता जुळवता सांगितलं, भाजी महागल्यासारखं. विहीर तळाला गेलेली. बायकांचे नंबर रात्री दोनपासून लागतात, कारण तेव्हा पाणी थोडं तरी साचलेलं असतं. दुपारी झोप नाही कारण पत्रा तापतो, रात्री झोप नाही कारण विहीर. बंदुकीने पत्रा मोजला, आतून ५४. कोंबडीची सहा पिल्लं आदल्या आठवड्यात गेली होती. आणि मी म्हणत होते, आज लाट नाही.

परत संध्याकाळी सहाला, आजींच्या नातवाच्या मोटरसायकलवरून. तो पैसे घेईना. फाट्यावर तोच रिक्षावाला, आता टक्क जागा. चंद्रपूरपर्यंत सहाशे. बसने गेले.

आता लॉज. नाव देत नाही, पण प्रकार ओळखून ठेवा, कारण तो फक्त तिथेच नाही. फोनवर 'एसी रूम' म्हणून सोळाशे ठरले. खोलीत भिंतीला एक जाळी, तिच्यातून वारा, वाऱ्याला ओल्या गवताचा वास. गच्चीवर एक अवाढव्य कूलर, त्याची नळी सगळ्या खोल्यांत फिरवलेली. याला 'एअरकूल्ड' म्हणतात. पाटीवर इंग्रजीत तसंच लिहिलेलं होतं, दोन शब्दांची पहिली अक्षरं ए आणि सी, आणि बोलताना मालक तेवढीच उच्चारत होता. शेजारच्या खोलीतल्या औषध कंपनीच्या माणसाने त्याच खोलीचे नऊशे दिले होते. शिवाय २० रुपयांच्या पाण्याच्या बाटलीला ३०, वरचे दहा 'थंड करायचे'. नऊ बाटल्यांचे जादा नव्वद रुपये. छापील किमतीवर बोट ठेवलं तर म्हणाला, "मग गरम घेऊन जा ना मॅडम."

गंमत अशी की कूलर वाईट नव्हताच. हवा कोरडी असेपर्यंत विदर्भात कूलर एसीला हार जात नाही, पाणी उडतं आणि हवा गार होते, साधं गणित. फक्त समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. खिडक्या बंद करून कूलर लावणारे पुणे-मुंबईकर दहा मिनिटांत चिकट होतात आणि कूलरला शिव्या देतात. पण ढग आले आणि हवेत दमटपणा आला की त्याचा उपयोग शून्य. २९ च्या रात्री तसंच झालं. तेव्हा नऊशेची एअरकूल्ड खोली डोळे मिटून घ्या, सोळाशेची 'एसी' घेण्याआधी भिंतीवर खोकं आहे का ते डोळ्यांनी बघा.

३० मे ला नागपुरात मावसभावाकडे होते. दुपारपासून फोन किणकिणत होते: नागपूर ५६ अंश! मुंबईची मामी रडवेली होऊन विचारतेय, जिवंत आहात ना. आम्ही आमरस खात होतो. एका स्वयंचलित केंद्राने ५६, दुसऱ्याने ५४ दाखवलं होतं, शहराच्या बाकीच्या केंद्रांवर ४४ च्या आसपास. देशाचा उच्चांक फलोदीचा ५१, १९ मे २०१६ चा. नागपूरचा स्वतःचा ४७.९, २३ मे २०१३ चा. म्हणजे नागपूरने एका दुपारीत देशाला पाच अंशांनी मागे टाकलं म्हणायचं! पुढे हवामान खात्याने यंत्रातला बिघाड मान्य केला. पण ते वाचणारे किती? त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला होता, त्या बातमीकडे आमच्या घरात कुणाचं लक्षही गेलं नाही. मला वैताग याचा आला की ५६ च्या खोट्या आकड्याने जेवढे फोन आले, त्याच्या निम्मेही खऱ्या ४४ ला येत नाहीत, आणि माणसं तर त्या ४४ मध्येच आजारी पडतात.

बाकी आनंदवन पाहिलं, छान झाडी आहे. ताडोब्यात सकाळची सफारी झाली, पाणवठ्यात बसलेली वाघीण दिसली. मंगळवारी बंद असतं. पुढे.

सामानाचं थोडक्यात. ट्रेकिंगचे महागडे बूट नेऊ नका. माझ्या उजव्या बुटाचा तळ डिंक वितळून अर्धा सुटला आणि मी चंद्रपुरात जटपुरा गेटजवळ सुतळीने बांधून फिरले. टोपी निरुपयोगी, कान आणि मान उघडी राहते. नागपूरच्या मुली बांधतात तसा मोठा सुती दुपट्टा, डोळे सोडून सगळं झाकून, आणि तो दर तासाला ओला. ओआरएस संपलं तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा धरा. मीठ अंदाजाने घालू नका. खिशात कांदा ठेवायला मावशीने लावला, ठेवला, सॅकला अजून वास येतो. पाणपोईचं पाणी प्या, बाटलीपेक्षा गार आणि फुकट. अंघोळ पहाटे पाचला, कारण अकरानंतर नळाचं पाणी भाजतं.

परतीचं स्लीपरचं तिकीट काढू नका. डबा दिवसभर उन्हात उभा असतो; रात्री आठला माझा बर्थ ४३ होता आणि वरच्या बर्थवरच्या माणसाने चादर भिजवून अंगावर घेतली होती, तिचं पाणी भुसावळपर्यंत माझ्यावर ठिबकत होतं. मी त्याला काही बोलले नाही. दौंडला पहाटे बंदूक काढून त्याच बर्थवर धरली, २९. तो खाली वाकून म्हणाला, "एसीवाल्यांनी आपल्यापेक्षा हजार रुपये जास्त दिलेत." नव्वद रुपयांचा विषय मग मी त्याच्याकडे काढला.