विजेच्या दिव्यांभोवतीची वर्तुळे

रविवार, रात्री साडेदहा

भाचीच्या बाळासाठी दुपटे शिवायला घेतल्याला आज आठवडा झाला, आणि गेले तीन दिवस ते काम एका चित्रापाशी अडले आहे. चित्रकार सोनिया दलोने यांचे १९१४ सालचे ‘प्रिझ्म एलेक्त्रिक’, म्हणजे विजेचे लोलक, हे ते चित्र. मूळ चित्र पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या संग्रहात आहे. माझ्याजवळच्या पुस्तकात ते तळहाताएवढे छापले आहे, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी मला ती केवळ एक सुबक नक्षी वाटली. आज सकाळी मात्र मी टेप घेऊन बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर मूळ चित्राच्या मापाचा, अडीच मीटर लांब आणि अडीच मीटर उंच असा चौरस पेन्सिलीने आखला, तेव्हा वर छतापर्यंत जेमतेम वीतभर जागा उरली. त्या चौकटीसमोर उभी राहून चित्रातली दोन मोठी वर्तुळे कोठे येतील याचा अंदाज घेतला आणि ती माझ्या डोक्याच्याही वर जात आहेत हे ध्यानात आले. रस्त्यावरच्या दिव्याकडे मान वर करून पाहावे, तसेच या चित्राकडे पाहावे लागत असणार.

चित्राचा उगमही रस्त्यावरच्या दिव्यांतच आहे. सोनिया आणि त्यांचे पती रोबेर दलोने पॅरिसच्या बुलव्हार सँ-मिशेलवर संध्याकाळी फिरायला जात. विजेचे दिवे तेव्हा नवलाईचे होते, आणि त्यांच्याभोवती पसरणारी प्रकाशाची वलये सोनियांच्या मनात भरली. पण चित्रात दिव्याचा खांब नाही, काच नाही, रस्ताही ओळखू येत नाही. उरली आहेत एकमेकांत शिरलेली वर्तुळे, एकाच केंद्राभोवतीच्या कमानी, आणि त्यांना छेदून जाणाऱ्या रेषा. डावीकडे तेवढा एक अक्षरे लिहिलेला आयत आहे; कवी ब्लेझ साँद्रार यांच्याबरोबर १९१३ साली केलेल्या, सुमारे दोन मीटर लांबीच्या, घडीच्या कागदावरच्या कवितेची ती आठवण.

मी सर्वांत जास्त वेळ पाहत बसले ते या कमानींकडे. एका रंगाचा पट्टा वळत येतो, वर्तुळाला विभागणाऱ्या रेषेपाशी पोहोचतो, आणि रेषा ओलांडताच त्याचा रंग पालटतो. आकार अखंड राहतो, रंग मात्र अखंड राहत नाही. डोळा आकारामागे जायला निघतो आणि दर वळणावर नव्या रंगाशी त्याची गाठ पडते, त्यामुळे त्याला एका जागी थांबताच येत नाही. वर्तुळ ही भूमितीतील सर्वांत शांत आकृती. तीच येथे फिरू लागते, आणि तिला फिरवण्याचे काम रेषेने नव्हे तर शेजारशेजारच्या रंगांनी केले आहे.

या शेजाराचे शास्त्र मला माझ्याच दुपट्यात भेटले. आजीच्या चंद्रकळेचा एक तुकडा मी निळ्या इरकलीशेजारी टाचला होता. पेटीतून काढताना काळा कुळकुळीत असलेला तो तुकडा निळ्याजवळ विटल्यासारखा, किंचित तांबूस दिसू लागला. कापडच जुने झाले असे समजून मी तो उसवायला निघाले होते. नेमकी हीच तक्रार पॅरिसच्या गोब्लँ या शाही विणकामशाळेत रंगविभाग सांभाळणाऱ्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे आली होती, की निळ्या-जांभळ्या छटांसोबत विणलेला काळा धागा फिका पडतो. त्यांनी तपासून पाहिले, तेव्हा धाग्याच्या रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचा रंग आपल्या विरोधी रंगाची (निळा असल्यास नारिंगीची) झाक त्याच्यावर टाकत होता. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १८३९ साली प्रसिद्ध झाला, आणि दलोने दांपत्याने आपल्या चित्रकलेला ‘सिमुल्ताने’, म्हणजे ‘एकाच वेळी घडणारे’, हा शब्द लावला तो त्यातूनच.

तरीही सोनियांनी हे सारे ग्रंथ वाचून चित्रात उतरवले असे मला मुळीच वाटत नाही. १९११ साली त्यांना मुलगा झाला, आणि त्याच्या पाळण्यासाठी त्यांनी कापडाच्या तुकड्यांचे एक पांघरूण शिवले. आपण ज्याला दुपटे म्हणू, तेच ते. त्यांचा जन्म १८८५ सालचा, युक्रेनमधला. तिकडच्या शेतकऱ्यांच्या घरी पाहिलेली पांघरुणे त्यांच्या डोळ्यांसमोर होती. गडद, फिकट, हिरवट, गुलाबी असे चौकोन आणि त्रिकोण त्यात एकमेकांना भिडलेले आहेत, आणि त्यांतून कोणतीही आकृती घडवण्याचा आग्रह नाही. कात्रीने कापलेल्या तुकड्याला बाह्यरेषा काढावी लागत नाही. त्याचा रंग जेथे संपतो तेथेच त्याचा आकार संपतो. ‘प्रिझ्म एलेक्त्रिक’मधील कमानी मला अशाच कापून लावल्यासारख्या दिसतात, म्हणून तीन वर्षांआधीचे ते पांघरूण मी या चित्राचे पहिले पाऊल मानते. पुढे दीर्घकाळ त्यांच्या कामाची गणना पतीच्या रंगसिद्धान्ताचे शोभिवंत उपयोजन म्हणून, कापड आणि पोशाखांच्या रकान्यात होत राहिली, याचे मला मनापासून वाईट वाटते. १९६४ साली लूव्रमध्ये त्यांचे प्रदर्शन भरले, तेव्हा त्या ऐंशीच्या घरात पोहोचत होत्या.

जेवणानंतर चंद्रकळेचा तो तुकडा उसवला, पण टाकला नाही. प्रथम हिरव्या खणाशेजारी ठेवून पाहिला, तो मनास आला नाही. मग हळदी रंगाच्या सुती तुकड्याला लावला, आणि काळा पुन्हा पेटीतल्यासारखा गडद झाला. चारही बाजूंनी टाचण्या लावून ठेवल्या आहेत. ट्यूबलाइटच्या उजेडावर माझा विश्वास नाही, म्हणून धावदोरा उद्या सकाळी खिडकीपाशी बसून घालीन.