मिडल-अर्थच्या नव्या ऑनलाइन गेमची वाट पाहताना

टॉलकीनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत, मिडल-अर्थ नावाच्या जगात, अंगठी एकच आणि ती वाहून नेणारा फ्रोडोही एकच. ऑनलाइन गेमच्या सर्व्हरवर मात्र हजारो खेळाडू असतात आणि त्यातल्या प्रत्येकाला आपल्या हातून काहीतरी मोठं घडावं असं वाटतं. कादंबरीवरच्या ऑनलाइन गेमचं खरं अवघड काम हेच. म्हणून नव्या गेमचा ट्रेलर आला की ड्रॅगन किती झकास दिसतो ते नंतर बघा. खेळाडूला कथेत कुठे उभं केलंय ते आधी शोधा.

एप्रिल २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज ऑनलाइन’ने याचं उत्तर फार विचाराने दिलं. तिथे आपण फ्रोडोच्या टोळीत नसतो. टोळी पुढे निघून जाते आणि तिच्या वाटेच्या आजूबाजूची, पुस्तकात ओझरती आलेली लढाई आपण लढतो. खेळाडूला जादूगार होता येत नाही, कारण कादंबरीच्या जगात तसे जादूगार पाचच आहेत. त्याऐवजी ‘लोर-मास्टर’ हा विद्या जाणणारा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, दिला. तब्येतीच्या पट्टीला तर ‘मोराल’ म्हणजे मनोधैर्य असं नाव आहे. ती शून्यावर आली की आपण मरत नाही, माघार घेतो. एका शब्दाने ‘मेलेला माणूस परत कसा आला’ हा प्रश्नच मिटवला! २००८ च्या मोरिया विस्तारात, म्हणजे गेमला नंतर जोडलेल्या भागात, विजा फेकणारा ‘रून-कीपर’ आला, तेव्हा तो या जगात बसतो का यावर पुस्तकप्रेमी खेळाडूंनी बराच वाद घातला, आणि तो वाद रास्त होता.

दुसरी गोष्ट कथेच्या वेगाची. हा गेम २००८ मध्ये मोरियात, २०११ मध्ये आयसेनगार्डला, २०१२ मध्ये रोहानला आणि २०१७ मध्ये मोर्डोरला, म्हणजे अंगठीच्या प्रवासाच्या शेवटच्या मुक्कामाला, पोहोचला. सुरुवातीपासून दहा वर्षं! नव्या गेममध्ये पहिल्याच दिवशी मोर्डोर दाखवणार असतील तर पुढच्या विस्तारांसाठी काय उरणार, हे विचारायलाच हवं. हक्कांची मर्यादाही लक्षात ठेवा. परवाना ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांचा असतो, त्याआधीच्या युगांच्या कथा सांगणाऱ्या ‘सिल्मरिलियन’चा नाही. पहिल्या युगातल्या कथांची आशा धरली तर निराशा पदरी पडेल.

अ‍ॅमेझॉनचा असा एक गेम २०१९ मध्ये जाहीर झाला, २०२१ मध्ये रद्द झाला आणि मे २०२३ मध्ये नव्या भागीदारासह पुन्हा जाहीर झाला. घोषणा म्हणजे गेम नव्हे. त्यामुळे आगाऊ विकल्या जाणाऱ्या ‘फाउंडर पॅक’ला हात लावण्याआधी पैसे परत मिळण्याची अट शब्दन् शब्द वाचा. ट्रेलरवर ‘प्रत्यक्ष खेळातली दृश्यं’ असं लिहिलेलं नसेल तर तो सिनेमा समजा. आणि बीटाची, म्हणजे गेम येण्याआधीच्या चाचणीची, ‘की’ (प्रवेशाचा कोड) देतो म्हणून पासवर्ड मागणारी लिंक कुणी पाठवली तर ती फसवणूकच. खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी खातरजमा मागणारी सुरक्षा) आजच लावून टाका.

बीटा मिळाला तर लेव्हल वाढवण्यात वेळ घालवू नका, प्रगती बहुधा पुसली जाते. त्यापेक्षा तीन-चार क्लास पंधराव्या लेव्हलपर्यंत खेळून बघा. टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा), हीलर (साथीदारांना बरं करणारा) की नुसता मारा करणारा, हे तिथेच ठरवा. सुरुवातीला टँक आणि हीलर नेहमी कमी असतात, त्यामुळे गटात त्यांना लगेच जागा मिळते.

पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त घोळ सर्व्हरवर शिरण्याच्या रांगेचा होतो. अ‍ॅमेझॉनचाच ‘न्यू वर्ल्ड’ हा ऑनलाइन गेम सप्टेंबर २०२१ मध्ये आला तेव्हा एकाच वेळी नऊ लाखांहून जास्त खेळाडू आले, आणि एका सर्व्हरची क्षमता सुमारे २,००० होती. जग लहान असलं की त्यात जास्त माणसं कोंबता येत नाहीत, म्हणून तासन् तास रांगा लागल्या. तेव्हा मित्रांनी एक मुख्य आणि एक पर्यायी सर्व्हर आधीच ठरवून ठेवावा. निवडताना पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) बघा. १०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर लढाई नीट होते. रांगेत असताना गेम बंद करू नका, नंबर जाऊ शकतो.

प्रीलोड (गेम सुरू होण्याआधीच फाइल उतरवून घेण्याची सोय) उघडलं की लगेच डाउनलोड करा आणि एसएसडीवर सांगितलेल्या आकाराच्या दीडपट जागा मोकळी ठेवा. पॅच (गेममधली सुधारणा) लावताना जुन्या आणि नव्या फाइल काही काळ एकत्र असतात, आणि इन्स्टॉलेशन नेमकं तिथेच अडकतं. वाय-फायऐवजी केबल लावा.

नावाचं मात्र आत्ताच बघा. एल्फ आणि ड्वार्फ या कथेतल्या जमातींची नावं घडवण्याची धाटणी वेगळी असते. कादंबरीच्या परिशिष्टांत ती सापडते. ‘लेगोलस’ या कादंबरीतल्या एल्फच्या नावापुढे आकडे जोडलेली नावं सर्व्हरवर पैशाला पासरी असतील. चार नावं लिहून ठेवा, पहिली दोन बहुतेक आधीच गेलेली असतात.