तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडची भुतं कशाला?

‘इतकं वाचायला पडलंय, तू सारखी त्या फिलिपिन्स-मलेशियाच्या विचित्र कथाच का आमच्या गळ्यात मारतेस?’ हे मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहिते.

माझी आजी कोकणातली, तिच्याकडून अळवंतिणीच्या गोष्टी ऐकल्या, बाळंतपणात गेलेली बाई, इच्छा राहून गेलेली. मग मोठेपणी मलेशियातली पोन्तियानाक वाचली तर तीही तीच, बाळंतपणातच मेलेली! तिच्या मानेत खिळा ठोकला की म्हणे ती सुंदर, आज्ञाधारक बायको होते आणि खिळा काढला की परत भूत. मला भुतापेक्षा त्या खिळ्याचीच जास्त भीती वाटली, खरंच.

आणि तिथले आत्ताचे लेखक या बाईचं काय करतात ते बघा. झेन चो या मलेशियन लेखिकेच्या ‘द हाउस ऑफ आंट्स’मध्ये पोन्तियानाक ही शाळेत जाणारी पोरगी आहे, घरात गोतावळा मेलेल्या आज्या-मावश्यांचा, त्या माणसाचं मांस खातात आणि पोरीवर जीवही टाकतात. हे लेखक भूत म्हणजे काय ते बाहेरच्यांना समजावत बसत नाहीत, भूत घरातलंच असतं, तुम्ही या आणि बसा. इंडोनेशियाचे लेखक एका कुर्नियावान (‘एका’ हे नावच आहे) यांची २००२ची कादंबरी तर २१ वर्षांपूर्वी मेलेली बाई कबरीतून उठते तिथूनच सुरू होते.

हे सगळं आपोआप नाही झालेलं, फिलिपिन्समध्ये डीन फ्रान्सिस आल्फार यांनी २००५पासून अशा कथांचे संग्रह काढले, सिंगापूरहून २०१३ ते २०१८ ‘लोन्तार’ या नियतकालिकाचे १० अंक निघाले. लोन्तार म्हणजे ताडपत्र. कुणीतरी जागा करून दिली म्हणून लोक लिहिते झाले, आणि आपल्या हडळी-अळवंतिणींना अशी जागा मिळावी असं मला फार मनापासून वाटतं.

परवा मामीला फिलिपिन्सची मनानांगाल सांगत होते, रात्री कमरेतून तुटून वरचं धड पंखांनी उडतं, खालचं तिथंच उभं, त्यावर मीठ टाकलं की पहाटे तिला परत जुळता येत नाही. मामी नातीची दृष्ट काढायला मीठ-मोहरी घेऊन उभी होती, हात तसाच थांबला. म्हणाली, ‘म्हणजे ते पाय रात्रभर एकटेच उभे असतात गं?’