तिसऱ्या मजल्यावरची पहाटेची ठकठक

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या डोंगरातलं गरम पाण्याच्या झऱ्यावरचं एक जुनं हॉटेल. वाफेवर चालणारी तिथली हीटिंग यंत्रणा हिवाळ्यात तपासून द्यायची, एवढंच काम होतं. कामाच्या कागदात तळाशी एक ओळ होती : तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली भाड्याने देत नाही, तिथला रेडिएटर, म्हणजे वाफेने तापून खोली ऊबदार ठेवणारं लोखंडी उपकरण, बंद करून टाकावा का ते कळवा. खोली का देत नाहीत, ते कागदावर नव्हतं. ते रात्रपाळीच्या काउंटरवर कळलं. पहाटे तिथे कुणीतरी भिंतीवर ठोके मारतं, बाथरूममधून कुजका वास येतो, दाराजवळ एका ठिकाणी एकदम गारठा लागतो, आणि हे सगळं इथे वारलेल्या एका नर्सचं काम आहे, अशी समजूत.

या भागातल्या झऱ्याकाठच्या बहुतेक जुन्या हॉटेलांत अशी एक नर्स असतेच, आणि त्याला कारणही आहे. या हॉटेलांत आजारी माणसं खरोखरच येत. ग्लेनवूड स्प्रिंग्ज हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध गाव. तिथल्या यांपा झऱ्याचं पाणी सुमारे 50 अंश सेल्सियसला बाहेर पडतं, चवीला खारट असतं आणि गंधकाचा वास सोडतं. वज्रेश्वरी-अकलोलीची कुंडं पाहिलेल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटेल. बंदूकबाज म्हणून गाजलेला डॉक हॉलिडे क्षय घेऊन याच गावात आला आणि 8 नोव्हेंबर 1887 रोजी, वयाच्या 36व्या वर्षी, एका हॉटेलातच वारला. पुढच्याच वर्षी तिथला मोठा पोहण्याचा तलाव सुरू झाला. जवळच्या ॲस्पेनच्या चांदीच्या खाणींत पैसा कमावलेल्या वॉल्टर डेव्हरो या खाण अभियंत्याने तलावाशेजारी हॉटेल कोलोराडो बांधलं. ते 10 जून 1893 ला उघडलं. त्याच महिन्याच्या 26 तारखेला ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या टांकसाळींत, म्हणजे मुंबईच्याही, लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. चांदीचा भाव कोसळला आणि कोलोराडोतल्या खाणी काही दिवसांतच बंद पडू लागल्या. मुंबईच्या टांकसाळीचा धक्का या डोंगरात लागला, ही गोष्ट मला कुठल्याही भुतापेक्षा मोठी वाटते. हॉटेलांच्या सफरीत ती सहसा सांगत नाहीत.

1943 ते 1946 या काळात हॉटेल कोलोराडोत अमेरिकी नौदलाचं इस्पितळ होतं. नर्सच्या गोष्टींचं मूळ तिथेच असावं. नर्सेस होत्या, जखमी खलाशी होते, हे दप्तरी आहे. एका ठरावीक नर्सचा खून झाला वगैरे भाग तोंडातोंडी वाढत गेलेला आहे. ‘टेडी बेअर’चंही तसंच. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ‘टेडी’ रूझवेल्ट 1905 मध्ये अस्वलाच्या शिकारीला आले असताना याच हॉटेलातल्या मोलकरणींनी त्यांना चिंध्यांचं अस्वल शिवून दिलं आणि तिथून खेळण्याला नाव पडलं, असं सांगतात. पण ते नाव रूझवेल्ट यांच्या 1902 मधल्या मिसिसिपीतल्या शिकारीवरून आणि तिच्यावर क्लिफर्ड बेरीमनने काढलेल्या व्यंगचित्रावरून आलं. 1905 उजाडेपर्यंत ही खेळणी बाजारात होती.

हे लक्षात ठेवून मी माझ्या कामाच्या हॉटेलातल्या त्या टोकाच्या खोलीकडे वळलो. नर्सचं खरंखोटं ठरवणं माझं काम नव्हतं. ठोके, वास आणि गारठा मात्र माझ्या हद्दीतले होते.

जुन्या इमारतीत कुणी पावलं ऐकली, कुणाचा जीव घुसमटला, असं सांगितलं की पहिली तपासणी कार्बन मोनॉक्साइडची, म्हणजे अर्धवट जळणातून निघणाऱ्या, वास नसलेल्या विषारी वायूची, करायची, तीही हसण्यावारी न नेता. विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने 1921 मध्ये एका कुटुंबाची हकिगत छापली होती. घरात पावलं, माणसं, अंगावर दडपण असं सगळं जाणवत होतं आणि कारण निघालं बिघडलेल्या भट्टीतून घरात शिरणारा हाच वायू. बॉयलरखोली, जिना आणि प्रत्येक मजल्यावर मीटर फिरवला. सगळीकडे शून्य. तळघरात झऱ्याच्या पाण्याचे पाइप येतात तिथे हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे झऱ्याच्या गंधकी वासामागच्या विषारी वायूचा, आकडा 4 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत चार भाग) आला. 10 पीपीएमच्या वर काम थांबवतात. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी साचतो. आणि 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, म्हणून नाकावर विसंबायचं नसतं.

मग रात्रपाळीची वही मागवली. ती वही म्हणजे या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा कागद. काउंटरवरच्या माणसांनी घाबरूनही नोंदी नेटक्या ठेवल्या होत्या : तारीख, वेळ, किती ठोके, बाहेर बर्फ होतं का. सगळ्या नोंदी ऑक्टोबर ते एप्रिलमधल्या. वेळ नेहमी साडेचार ते पावणेपाच. ज्या रात्री थंडी जास्त, त्या रात्री ठोके जरा उशिरा आणि जास्त जोराचे. बॉयलरचं घड्याळ पाहिलं तर रात्री तापमान खाली ठेवून बरोबर चारला पुन्हा वर चढवायचं लावलेलं होतं. थंड बॉयलरची वाफ तिसऱ्या मजल्याच्या टोकाला पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. पाइप जितका गार, तितकं वाफेचं वाटेतच पाणी होतं, पोचायला वेळ लागतो आणि मागे पाणी जास्त उरतं.

या इमारतीत एकपाइपी पद्धत आहे. ज्या पाइपातून वाफ वर जाते, त्यातूनच वाफेचं झालेलं पाणी खाली परत येतं. म्हणून सगळा खेळ ढाळाचा. वाफ आणि पाणी समोरासमोरून जात असतील तर दर दहा फुटांना किमान एक इंच ढाळ हवा. रेडिएटरही व्हॉल्व्हच्या, म्हणजे त्यात वाफ सोडणाऱ्या चावीच्या, बाजूला किंचित कललेला हवा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. अर्धवट उघडा ठेवला तर वाफ आत शिरते, पाणी मात्र बाहेर पडू शकत नाही. अडलेल्या पाण्याचा गोळा वाफेच्या वेगाने पुढच्या वळणावर आदळतो आणि लोखंडावर घण मारल्यासारखा आवाज होतो.

खोली उघडली. व्हॉल्व्ह अर्धवटच होता. खोली रिकामी, म्हणून थोडीशीच ऊब राहू दे, अशा चांगल्या हेतूने कुणीतरी तसा ठेवला असणार. रेडिएटरवर लेव्हल, म्हणजे समपातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी, ठेवली तर बुडबुडा व्हॉल्व्हकडे गेला, म्हणजे ती बाजू उंच आणि लांबची बाजू खाली. लांबच्या बाजूचे पाय फरशीच्या फळ्यांत रुतले होते. खालच्या खोलीच्या छतातली झडप काढली, तेव्हा पाइपाला वरून टांगून धरणारा एक हँगर तुटून लोंबताना दिसला. तिथे पाइपाला पोट आलं होतं आणि त्यात पाणी साठत होतं. भरीला बॉयलरचा दाब 6 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवलेला. दाब वाढवला की खोल्या लवकर तापतील असं पुष्कळांना वाटतं. उलट जास्त दाबाची वाफ दाट असते आणि सावकाश सरकते. अशा इमारतीला 2 पीएसआयच्या आतच ठेवायचं. अर्ध्या पीएसआयवर बॉयलर चालू, दीडवर बंद, असं लावलं.

बॉयलर बंद करून पाइप निववले आणि पुन्हा चालू केला. पस्तिसाव्या मिनिटाला खालच्या खोलीत, पोट आलेल्या जागी, पाइप हादरला. तीन ठोके, थोडं थांबून आणखी दोन. वहीत लिहिलं होतं तसेच. पाइप निवल्यावर तात्पुरता हँगर घालून तो उचलला, रेडिएटरच्या लांबच्या पायांखाली पाव इंच जाडीचे धातूचे तुकडे सरकवले, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. रेडिएटरमधली हवा बाहेर सोडणारा एअर व्हेंटही बदलला, कारण जुना व्हेंट सुस्कारा टाकल्यासारखा फुसफुसत होता आणि वहीत ‘कुणीतरी श्वास घेतं’ अशीही एक नोंद होती. पुढच्या फेरीत वाफ गुपचूप आली.

वासाचं उत्तर बाथरूममध्ये मिळालं. टब आणि बेसिन यांच्या खालच्या वाकड्या पाइपात दोन इंच पाणी कायम उभं असतं, तेच गटारातल्या वायूला अडवतं. खोली वापरातच नसल्यामुळे दोन्ही ठिकाणचं पाणी आटून गेलं होतं, आणि झऱ्याचं वापरून सोडलेलं पाणी त्याच ड्रेनेजमध्ये जातं. म्हणजे भुताच्या भीतीने खोली बंद केली, बंद केल्याने पाणी आटलं, पाणी आटल्याने वास आला आणि वासामुळे भीती पक्की झाली. मोरीत बादलीभर पाणी ओतलं, वर चार चमचे खनिज तेल, म्हणजे पाणी सावकाश आटेल. खिडकी उघडून ठेवली. तासाभरात वास गेला.

गारठ्यासाठी दाराजवळ धुराची कांडी धरली. धूर दाराशेजारच्या लाकडी पॅनेलच्या फटीपासून जोरात मागे ढकलला जात होता. पॅनेलमागे जुन्या स्वयंपाकघरातून ताटं वर आणायच्या लिफ्टचा बोळ आहे, तळघरापर्यंत उघडा. थंडीत इमारतीतली ऊबदार हवा वर चढून छतातून निसटते आणि तिची जागा घ्यायला तळघरातली गार हवा या बोळातून वर ओढली जाते. आगीच्या दृष्टीनेही असा उघडा बोळ घातक आहे. धूर मजल्यामजल्यावर पोचवायला तो पुरेसा. तो प्रत्येक मजल्यावर अग्निरोधक साहित्याने बंद करायला सांगितलं आणि अहवालात याला सर्वांत वर ठेवलं.

रात्रपाळीच्या मंडळींना हे सगळं जागेवर नेऊन, पाइपाला हात लावायला देऊन दाखवलं. त्यांना ‘तुमचा भास’ असं सांगणं अन्यायाचं झालं असतं. त्यांनी ऐकलेला प्रत्येक ठोका खरा होता.

अहवालात लिहिलं ते असं. रेडिएटर बंद करू नये, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवावा आणि तशी पट्टी त्याला बांधावी. रिकाम्या खोल्यांच्या मोऱ्यांत दर पंधरवड्याला पाणी घालण्याचं काम हाउसकीपिंगच्या यादीत टाकावं. तळघरात हायड्रोजन सल्फाइडचा कायमचा अलार्म बसवावा. उरलेले हँगर उन्हाळ्यात, बॉयलर बंद असताना तपासावेत. रात्रपाळीची वही चालू ठेवावी आणि नोंदीत बाहेरचं तापमानही लिहावं.